वीस टक्के, पण कशाचे? को-होस्टबरोबरच्या हिशोबाच्या भांडणाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. अलिबागजवळच्या नागावात तीन बेडरूमचा बंगला, एअरबीएनबीसारख्या ॲपवरून पाहुण्यांना भाड्याने देतात, मालक पुण्यात. गावातला एक तरुण दोन वर्षं को-होस्ट म्हणून, म्हणजे मालकाच्या वतीने पाहुणे आणि घर सांभाळणारा म्हणून, सगळं बघत होता. तोंडी ठरलं होतं वीस टक्के. दिवाळीनंतर दोघांचं बिनसलं. थेट फोनवरून आलेल्या एका पार्टीने दिलेलं रोख भाडं, ३८,००० रुपये, त्याच्याकडे आहे आणि तो ते देत नाही. उलट तो म्हणतो, माझंच ६०,६०० येणं आहे. त्यात डिसेंबरच्या अजून न झालेल्या बुकिंगचेही पैसे त्याने धरलेत. मालक विचारतात: त्याला ॲपवरून काढून टाकू का? पोलिसात जाऊ का? आणि मी खरंच त्याचं काही देणं लागतो का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे. हो, देणं लागता. तो म्हणतो तेवढं नाही, पण तुम्ही समजताय तसं शून्यही नाही. आणि या आठवड्यात त्याला ॲपवरून काढू नका.

मी २०१४ पासून अलिबाग तालुक्यात दुसऱ्यांचे बंगले चालवते. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला, तुमच्या को-होस्टच्या जागी, मी स्वतः बसते. गेल्या काही वर्षांत मालक आणि को-होस्टच्या भांडणात मध्यस्थ म्हणूनही बरेचदा बसावं लागलं. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. भांडण टक्क्यांवरून होतच नाही. वीस म्हणजे वीस, दोघांनाही मान्य असतं. भांडण होतं ते कशाचे वीस, यावरून. आणि ते कुणीच कुणाला विचारलेलं नसतं.

एक बुकिंग घेऊ, आकडे समजुतीचे. दोन रात्री, रात्रीचे १२,०००, म्हणजे भाडं २४,०००. साफसफाईचे १,५००. झाले २५,५००. ॲपची फी तीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ९०३ गेले, राहिले २४,५९७. आता हेच बुकिंग पाहुण्याच्या बाजूने बघा. त्याला भाड्यावर जीएसटी लागतो. रात्रीचा दर ७,५०० च्या वर असेल तर १८ टक्के. त्याच्या आतला दर असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. म्हणजे इथे २५,५०० वर १८ टक्क्यांनी ४,५९०. शिवाय पाहुण्याकडून ॲप आपली वेगळी फी घेतं. ती चौदा टक्के धरली तर करासकट ४,२०० च्या आसपास. पाहुण्याच्या मोबाइलवर एकूण रक्कम दिसते ३४,३०३.

को-होस्टला पाहुणा दारात उभा राहून सांगतो, "दादा, चौतीस हजार भरलेत, गरम पाणी तरी येऊ द्या." त्याच्या डोक्यात तोच आकडा बसतो. त्याचे वीस टक्के ६,८६१. तुमच्या २५,५०० चे ५,१००. ॲपची फी वजा करून ४,९१९. त्यातून साफसफाईचे १,५०० बाजूला काढले तर ४,६१९. आणि तुम्ही धोबी, लाइट, माळी असा साडेतीन हजारांचा खर्च वजा करून मग टक्के काढत असाल तर ३,९१९. एकाच बुकिंगचे, एकाच वीस टक्क्यांचे पाच आकडे, आणि पाचही जण प्रामाणिक असू शकतात. टोकाच्या दोन आकड्यांत २,९४२ चा फरक आहे. वर्षाला तीस बुकिंगं झाली तर ८८ हजारांच्या वर. एवढ्या पैशात माणसं एकमेकांना चोर म्हणायला लागतात.

माझं मत विचाराल तर मी कुठल्या आकड्याशी उभी आहे ते सांगते. पाहुण्याने भरलेला जीएसटी ना तुमचा, ना त्याचा. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर तो कर ॲपच सरकारला भरतं. पाहुण्याकडची फी ॲपची. ती दोन्ही सोडा. ॲपने तुमच्याकडून कापलेली फी दोघांनी मिळून सोसायची, म्हणून ती आधी वजा. साफसफाईचे पैसे जी बाई साफ करते तिचे. ते टक्क्यांत धरायचेच नाहीत. धोबी, लाइट, माळी हा घराचा खर्च, म्हणजे मालकाचा. को-होस्टच्या टक्क्यांतून तुमचं लाइट बिल वसूल करणं मला कधीच पटलेलं नाही. म्हणजे टक्के २३,०९७ वर, आणि रक्कम ४,६१९. मी याला निव्वळ भाडं म्हणते.

टीडीएसबद्दल इथेच सांगते, कारण त्यावरूनही उगाच कुरबूर होते. ॲप तुमच्या पॅनवर जो ०.१ टक्का कापतं, तो तुमच्याच आयकराचा आगाऊ भाग आहे, रिटर्नमध्ये तुम्हाला वळता मिळतो. तो को-होस्टच्या हिश्श्यातून वजा करू नका. आणि तुमच्या पॅनवर उत्पन्न पूर्ण २५,५०० दिसतं, को-होस्टला दिलेलं वजा होऊन नाही. म्हणून त्याला दिलेली प्रत्येक रक्कम बँकेतून द्या आणि त्याच्याकडून साधी सही केलेली पावती घ्या. नाहीतर दिलेल्या पैशांवरही कर तुम्हीच भराल.

आता डिसेंबरच्या बुकिंगकडे येऊ. ऑक्टोबरात त्याने पाहुण्याच्या वीस प्रश्नांना उत्तरं दिली, पूल किती फूट खोल आहे ते टेप लावून मोजून सांगितलं, तेव्हा कुठे ते बुकिंग पडलं. पण ३१ डिसेंबरच्या रात्री इन्व्हर्टर बसला तर धावायला तो नसेल, दुसरा कुणीतरी असेल. मग वीस टक्के कुणाचे? १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या नजरेतून को-होस्ट म्हणजे तुमचा एजंट. कलम २१९ चा सर्वसाधारण नियम असा, की वेगळं ठरलेलं नसेल तर काम पुरं होईपर्यंत मोबदला देय होत नाही. म्हणजे न झालेल्या मुक्कामाचे पूर्ण पैसे आज मागण्याचा त्याला हक्क नाही. पण त्याने केलेली मेहनत तुम्ही फुकट वापरणार, हेही बरोबर नाही. मी माझ्या करारांत वीसचे दोन भाग करते: बुकिंग आणण्याचे पाच, मुक्काम पार पाडण्याचे पंधरा. आणलं त्याने आणि सांभाळलं दुसऱ्याने, तर पाच त्याचे, पंधरा दुसऱ्याचे. हा काही कायदा नाही, माझी रीत आहे, पण आजवर ज्यांना समजावून सांगितली त्या दोन्ही बाजूंनी ती मानली.

ते ३८,००० त्याने ठेवून घेतलेत म्हणून तुम्ही चिडलात, ते मी समजू शकते. पण त्याच कायद्याचं कलम २१७ वाचा. मालकासाठी गोळा केलेल्या रकमेतून एजंटला आपला देय मोबदला आणि कामासाठी खिशातून केलेला खर्च राखून ठेवता येतो. त्याला जोडूनच कलम २१३ आहे: मालकाने मागितला की त्याने व्यवस्थित हिशोब दिलाच पाहिजे. म्हणजे पैसे अडवणं हा लगेच गुन्हा होत नाही. हिशोब न देणं ही त्याची चूक आहे. असे वाद घेऊन पोलिसात गेलेले मालक मी पाहिलेत. ठाण्यात सांगतात, ही दिवाणी बाब आहे, आपसांत बसून मिटवा. दरम्यान गावात बातमी पसरते, आणि मग तुमच्या बंगल्यावर काम करायला कुणी चांगला माणूस तयार होत नाही. लहान गावात हे नुकसान ३८,००० पेक्षा मोठं आहे.

इथे एक अनुभव सांगावासा वाटतो. चौलचा एक बंगला, मालक ठाण्याचे. गावातल्या चाळिशीच्या एक ताई को-होस्ट, याच टक्केवारीवर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. तेव्हा लॉकडाऊनमुळे मार्चपासून एकही पार्टी नव्हती. डिसेंबरात मालक हिशोबाला बसले. त्यांच्या लॅपटॉपमध्ये तक्ता तयार होता: एप्रिल ते सप्टेंबर बुकिंग शून्य, वीस टक्के शून्य. गणित बरोबरच होतं. ताईंनी काही न बोलता एक शाळकरी वही पुढे सरकवली. मी शेजारीच बसले होते, म्हणून वाचता आलं. "४ जून, दोन माणसं, करवत, फणस तोडला, १,४००. ताडपत्री दोन, ९६०. ६ जून, कौलं लावणारा, दिवसभर, ८००." आणि त्याखाली, "७ जून, फ्रिज रिकामा केला, धुतला." त्या शेवटच्या ओळीपुढे रक्कम लिहिलेली नव्हती. वादळानंतर वीज नव्हती, आणि मालकांच्या फ्रिजमधलं सगळं सडलं होतं.

मालक बराच वेळ वही बघत राहिले. मग विचारलं, "ताडपत्री कुठे मिळाली?" ताई म्हणाल्या, "अलिबागेत संपल्या होत्या. भाऊ पेणला गेला, त्याच्याबरोबर मागवल्या." मालकांनी लॅपटॉप मिटला.

त्या दिवशी वहीतला खर्च तर दिला गेलाच, शिवाय त्या सहा महिन्यांसाठी एक ठोक रक्कम ठरली. कायद्यातही याला आधार आहे. कलम २२२ प्रमाणे, सोपवलेल्या अधिकारात राहून एजंटने कायदेशीर काम केलं, तर त्याचा भुर्दंड त्याच्यावर पडू द्यायचा नाही. कलम ७० म्हणतं, की एखाद्याने फुकट करायच्या हेतूने नव्हे अशा रीतीने तुमच्यासाठी काम केलं आणि त्याचा लाभ तुम्ही घेतलात, तर भरपाई द्यावी लागते. पण मला कलमापेक्षा ती वही महत्त्वाची वाटते. टक्केवारी फक्त पाहुणा असतानाचं काम मोजते. कोकणात घर तर चारही महिने पावसात उभं असतं. बुरशी पुसायची, गटार मोकळं करायचं, पंप अडकू नये म्हणून आठवड्यातून एकदा चालवायचा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारात पावसाळ्यासाठी महिन्याची ठोक रक्कम वेगळी असते. तुमच्या को-होस्टला दोन वर्षांत तसं काही दिलंय का? नसेल, तर त्याच्या रागाचं मूळ कदाचित तिथे आहे. तो बोलतोय डिसेंबरबद्दल, पण त्याच्या मनात सलतोय तो जुलै.

रोखीच्या बाकीच्या गोष्टींतही आधी फोड करा. जास्तीच्या माणसांचे डोईमागे घेतलेले पैसे घराचे, त्यात त्याचे टक्के. पण जेवण? नागावात शेजारच्या घरून थाळ्या येतात, त्यात पोरगा डोईमागे पन्नास-शंभर रुपये ठेवतो. बनाना राइडवाला, घोडागाडीवाला त्याला काही देतो. कलम २१६ कडक आहे: मालकाला न कळवता एजंटने त्याच धंद्यात स्वतःचा व्यवहार केला, तर त्यातला फायदा मालक मागू शकतो. माझा सल्ला, हे मागू नका. जेवणाची आणि राइडची कमाई उघडपणे त्याची म्हणून मान्य करा. तो माणूस त्या गावात टिकून राहतो ते त्या कमाईवर. मात्र ॲपवर विचारणा करणाऱ्या पाहुण्याला "थेट या, स्वस्तात देतो" म्हणून तो बाहेर वळवत असेल, तर ते सोडू नका. तिथे तुमचं भाडंही जातं आणि नुकसान झालं तर ॲपच्या भरपाईची वाटही बंद होते.

आणखी एक चौकशी आजच करा: लिस्टिंग, म्हणजे ॲपवरचं बंगल्याचं पान, कुणाच्या खात्यात आहे? तुमच्या खात्यात असेल आणि तो को-होस्ट म्हणून जोडलेला असेल, तर ठीक. त्याच्याच खात्यातून बनलेली असेल, तर सगळं उलटं होतं. आक्षीच्या एका मालकांचं तसं झालं. पाच वर्षांचे रिव्ह्यू को-होस्टच्या खात्यात, पैसे त्याच्या बँकेत, टीडीएस त्याच्या पॅनवर. फाटल्यावर मालकांच्या हाती घर उरलं आणि फोटोसुद्धा नव्याने काढावे लागले. एका खात्यातले रिव्ह्यू दुसऱ्या खात्यात उचलून नेता येत नाहीत.

एअरबीएनबीवर को-होस्टला किती अधिकार द्यायचे ते ठरवता येतं: नुसतं कॅलेंडर, कॅलेंडर आणि मेसेज, किंवा पूर्ण. पैशांची वाटणीही तिथेच लावता येते, बुकिंगमागे टक्के किंवा ठरावीक रक्कम, साफसफाईची रक्कम वेगळी. तुमच्या खात्यात ती सोय उघडत असेल तर पुढच्या माणसासाठी जरूर वापरा. तुमच्या-त्याच्या करारात मात्र कंपनी पक्षकार नसते, तेव्हा तिला तक्रार लिहून हा हिशोब सुटणार नाही.

त्याला लगेच काढू नका म्हटलं, त्याचं कारण व्यवहाराचं आहे. काढल्यावर त्याला डिसेंबरच्या पाहुण्यांचे मेसेज दिसणार नाहीत, पण त्यांचे फोन नंबर त्याच्याकडे आहेत आणि किल्ल्याही. आधी तुम्ही कमाईचा तक्ता डाउनलोड करा, त्याच्याशी झालेलं सगळं व्हॉट्सॲप बोलणं एक्स्पोर्ट करून ठेवा, त्याने पाठवलेल्या बिलांचे फोटो एका जागी आणा. शिवाय कलम २०६ प्रमाणे अशी नेमणूक संपवताना वाजवी पूर्वसूचना द्यायची असते. रात्रीत काढून टाकलंत तर जे नुकसान होईल, त्याच्या भरपाईचा दावा तोही करू शकेल.

आता तुमचे आकडे. तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे झालेली पण हिशोब न झालेली बुकिंगं सात, निव्वळ भाडं १,५४,०००. त्याचे वीस टक्के ३०,८००. डिसेंबरची चार बुकिंगं, निव्वळ १,१२,०००. त्याने त्याचेही पूर्ण वीस टक्के धरले, २२,४००. शिवाय टँकर, गॅस आणि प्लंबरचे ७,४००, ज्याची बिलं त्याने तुम्हाला वेळोवेळी पाठवली होती. असे त्याचे ६०,६०० झाले. म्हणजे त्याने आकडा हवेतून काढलेला नाही. उलट थेट आलेल्या पार्टीच्या ३८,००० वरचे स्वतःचे ७,६०० मांडायला तो विसरला आहे.

डिसेंबर तुम्ही दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तर माझा हिशोब असा: ३०,८०० अधिक ७,४०० अधिक ७,६००, आणि डिसेंबर आणल्याचे पाच टक्के ५,६००. एकूण ५१,४००. त्याच्याकडे ३८,००० आहेत. तुम्ही त्याला द्यायचे १३,४००. पण मी तुमच्या जागी असते तर डिसेंबर त्यालाच करू दिला असता. वर्षअखेरीला नागावात नवा माणूस मिळणं अवघड, आणि त्या चार पाहुण्यांना दोन महिने त्याचाच आवाज माहीत आहे. तसं ठरलं तर आज द्यायचे फक्त ७,८००. डिसेंबरचे २२,४०० एकदम द्यायचे नाहीत. प्रत्येक पार्टी घर सोडून गेली आणि नुकसान नाही हे बघून झालं की त्या-त्या बुकिंगचे. ॲप तुम्हाला चेक-इननंतर साधारण २४ तासांनी पैसे सोडतं, पण पाहुण्याला परतावा द्यावा लागला तर तो तुमच्या पुढच्या पैशांतून वळता होतो. नुकसानीची मागणी चेक-आउटपासून १४ दिवसांत करायची असते, तीही त्याने काढलेल्या फोटोंवरच उभी राहणार.

फोनवर हे बोलू नका. नागावला स्वतः जा, जाताना तक्ता छापून न्या, आणि त्याची वही असेल तर आधी ती बघायला मागा. त्याच्या घरचं मोठं कुणी बसायचं म्हणालं तर बसू द्या. बोलणं फिस्कटलंच, तर अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं. कोर्ट फी लागत नाही आणि तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. पैशांच्या वसुलीचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून घाईने वकिलाची नोटीस धाडायची गरज नाही. नोटीस गेली की तो वही दाखवणार नाही.

मिटलं, तर उठण्याआधी तिथेच बसून एक मेसेज लिहा आणि दोघांनी एकमेकांना पाठवा. मी असा लिहून देते: "आज नागावला बसून हिशोब केला. झालेल्या सात बुकिंगांचे ३०,८००, थेट पार्टीचे ७,६०० आणि खर्चाचे ७,४००, एकूण ४५,८००. त्यातून तुझ्याकडचे रोख ३८,००० वजा, बाकी ७,८०० आज तुझ्या खात्यात जमा केले. डिसेंबरच्या चार बुकिंगांचे वीस टक्के निव्वळ भाड्यावर, पार्टी गेल्यावर तीन दिवसांत. ५ जानेवारीला दाराच्या किल्ल्या तीन, गेटचा रिमोट एक आणि पंपाच्या खोलीची किल्ली एक परत. याशिवाय कुणाचं कुणाकडे काही येणं नाही."